पितळी बाटलीचे मूळ गाव : लष्करी डिस्पोजलमधील साफसफाईच्या साधनांची ओळख



शंभर वर्षे चालत आलेल्या ग्रंथालयात पुस्तकांइतकेच मोल आणखी एका वस्तूला असते. ती म्हणजे दाखल-नोंदवही. पुस्तक कोठून आले, केव्हा आले, कोणी दिले आणि पुढे ते बाद झाले काय, याची साक्ष ती देते. जुन्या पुस्तकावर सामान्यतः तीन जातींच्या खुणा आढळतात. पहिली मुद्रक-प्रकाशकाच्या नावाची, दुसरी ग्रंथालयाच्या मालकीच्या शिक्क्याची आणि तिसरी, क्वचित आढळणारी, बाद केल्याच्या शिक्क्याची. ग्रंथालयाचा शिक्का आहे म्हणून ते पुस्तक त्या ग्रंथालयाने छापले, असे कोणी शहाणा वाचक म्हणत नाही. पुस्तकांच्या बाबतीत सहज पाळला जाणारा हा विवेक दुसऱ्या एका क्षेत्रात मात्र वारंवार सुटलेला दिसतो. ते क्षेत्र म्हणजे सैन्याने निकालात काढलेल्या साहित्याचे. त्यातही बंदुका साफ करण्याच्या किरकोळ साधनांचे मूळ कसे ओळखावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तलवार, बिल्ला, पदक यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. बोटभर लांबीची तेलाची बाटली आणि काळवंडलेली दोरी यांच्याकडे कोण पाहणार? परंतु बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सीमाभागातील असंख्य घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे सैन्यात गेली. परवान्याखालची बंदूक सरकारजमा होते, पदक अडचणीच्या काळात विकले जाते. पेटीच्या तळाशी पडलेली बाटली तेवढी राहून जाते. पुढे एखाद्या संस्थेच्या कपाटात ती वस्तू मांडली जाते आणि तिच्याखाली एक चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवर जे लिहिले जाईल, तोच पुढील पिढीचा इतिहास ठरतो. म्हणून ती चिठ्ठी काय आधाराने लिहावी, हा प्रश्न लहान नाही.

प्रथम ही साधने मुळात का लागत, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य वापरले जाई. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हे द्रव्य मिठाच्याच कुळातले. ते नळीच्या आतल्या चरांत बसते, हवेतील ओल शोषून घेते आणि पोलादाला गंज चढवते. पावसाळी हवेत एक रात्रसुद्धा पुरे. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतावे, मग ती कोरडी पुसावी आणि शेवटी तेलाचा हात फिरवावा, असा ब्रिटिश व हिंदी सैन्याचा परिपाठ होता. प्रत्येक सैन्याने या तीन क्रियांसाठी आपापली साधने घडवली. क्रिया एक, पण साधने निराळी. या निराळेपणातच त्यांच्या मुळाचा पहिला पुरावा दडलेला असतो.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी साधने .३०३ ली-एन्फील्ड रायफलीची आहेत. या रायफलीच्या आरंभीच्या नमुन्यात नळीखाली साफसफाईचा गज बसवलेला असे. १८९९ मध्ये आलेल्या सुधारित नमुन्यात तो गज काढून टाकण्यात आला आणि सारा भार दस्त्यातील कप्प्यावर पडला. दस्त्याच्या मागील पत्र्याला एक लहानसे झाकण असते. ते उघडले की आत दोन वस्तू. एक तेलाची पितळी बाटली. तिच्या फिरकीच्या टोपणाला आतून पळीसारखी लहान काडी जोडलेली असते आणि गळती होऊ नये म्हणून कातड्याची चकती बसवलेली असते. दुसरी वस्तू म्हणजे दोरी. तिच्या एका टोकाला लांबट पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला कापडाची चिंधी अडकवण्यासाठी फासे. वजन नळीत सोडायचे आणि पलीकडून दोरी ओढायची. इंग्रजीतले तिचे नाव ‘पुल-थ्रू’. आपल्या जवानांच्या व राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांच्या तोंडी त्याचे ‘फुलथ्रू’ झाले. चिंधीचे मापही ठरलेले असे : ४ इंच लांब, २ इंच रुंद.

अशी एखादी बाटली हाती आली म्हणजे पाहणारा सर्वप्रथम शिक्का शोधतो. ते योग्यच, परंतु शिक्का कोणत्या जातीचा आहे, हे ठरवल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये. कावळ्याच्या पायासारखी दिसणारी तीन रेघांची बाणाची खूण पुष्कळांच्या परिचयाची आहे. ‘ब्रॉड ॲरो’ नावाने प्रसिद्ध असलेली ही खूण ब्रिटिश सरकारच्या मालकीची निशाणी होय. ती कारखान्याची खूण नव्हे. साम्राज्यातील इतर देशांनी तिच्यात आपापली भर घातली. बाणाखाली रोमन ‘आय’ असेल, तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण असेल, तर कॅनडाची. दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये बाण असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याची. ‘एन’ आणि ‘झेड’ यांच्यामध्ये असेल, तर न्यूझीलंडची. ‘यू’ अक्षरात असेल, तर दक्षिण आफ्रिकेची. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर उभे असतील, तर ती वस्तू सरकारी सेवेतून विकून टाकल्याची खूण. ग्रंथालयाच्या ‘बाद’ शिक्क्याचेच ते भावंड.

निर्मात्याची खूण याहून वेगळी. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याच्या वस्तूंवर ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे आढळतात. त्यांच्या जोडीला मुकुट आणि ‘जी.आर.आय.’ अशी सम्राट पंचम किंवा षष्ठ जॉर्जची अक्षरे असली, तर वस्तू साम्राज्यकाळातील. अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा असली, तर ती भारतीय प्रजासत्ताकाच्या काळातील, हे उघड आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांची नावे वस्तूंवर घालणे टाळले गेले, कारण शत्रूच्या विमानांना नेमके ठिकाण कळू नये. त्याऐवजी प्रदेशवार संकेत देण्यात आले : ‘एन’ म्हणजे उत्तर, ‘एम’ म्हणजे मध्य आणि ‘एस’ म्हणजे दक्षिण विभाग, त्यापुढे एक आकडा. ‘एम ४७’ हा बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीचा संकेत होता. ज्याला ही पद्धत ठाऊक नाही, तो या आकड्याला पलटणीचा क्रमांक समजतो आणि चिठ्ठीवर एका अस्तित्वातच नसलेल्या पलटणीची नोंद करून मोकळा होतो.

जर्मनीतही हेच घडले. तेथे १९३४ मध्ये साफसफाईच्या साधनांची एक चपटी पत्र्याची डबी प्रचारात आली. दोन्ही बाजूंना झाकणे असलेल्या या डबीत दोरीऐवजी धातूच्या कड्यांची साखळी, दोन कुंचले, तेलाची लहान डबी, पिळाच्या वाती आणि रायफल उघडण्याचे एक छोटे हत्यार असे. बर्लिनमधील श्पांडाउ येथील गुस्ताफ आपेल हा तिचा एक प्रमुख निर्माता. आरंभी झाकणावर त्याचे नाव व सन स्वच्छ उमटवलेले आढळतात. युद्ध सुरू झाल्यावर नाव गेले आणि ‘सी-एन-एक्स’ ही तीन लहान अक्षरे आली. माग्डेबुर्ग येथील मुंडलोस ही मूळची शिवणयंत्रे तयार करणारी कंपनी. तिनेही याच डब्या केल्या. यातून एक इशारा मिळतो. निर्मात्याच्या नावावरून वस्तूचा उपयोग ठरत नाही. शिवणयंत्राच्या कारखान्याचे नाव दिसले म्हणून ती डबी शिंप्याची ठरत नाही. उलट शिवणयंत्राची, सायकलची किंवा ग्रामोफोनची तेलदाणी जुन्या बाजारात ‘मिलिटरीची’ म्हणून खपवली जाते, तीही सैन्याची होत नाही.

महायुद्धानंतरच्या साधनांवर बहुधा चिन्हांऐवजी तेरा आकडी साठा-क्रमांक आढळतो. ही नाटो राष्ट्रांची पद्धत. पुढे इतर अनेक देशांनी ती स्वीकारली. तिच्यातील पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. ३० मिलिमीटरपर्यंतच्या बंदुका व त्यांचे साहित्य यांचा वर्ग १००५. त्यापुढचे दोन आकडे देशाचे : ९९ म्हणजे ब्रिटन, १२ जर्मनी, २१ कॅनडा, ६६ ऑस्ट्रेलिया, तर ०० व ०१ अमेरिकेचे. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यातही एक मेख आहे. हे दोन आकडे त्या वस्तूला क्रमांक कोणत्या देशाने दिला, एवढेच सांगतात. ती कोठे घडली, हे सांगत नाहीत. ब्रिटिश क्रमांकाची वस्तू दुसऱ्या देशातील कारखान्यातून आलेली असू शकते. पुन्हा तोच न्याय : नोंद करणारा वेगळा आणि घडवणारा वेगळा.

शिक्का पुसट असला किंवा मुळीच नसला म्हणजे काय करावे? अशा वेळी वस्तूच्या देहाला प्रश्न विचारावे लागतात. साधे लोहचुंबक जवळ नेले तरी पितळ कोणते आणि मुलामा दिलेले पोलाद कोणते, ते कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळेची गरज दारूगोळ्याला अधिक होती. त्या काळात व त्यानंतर तेलाच्या बाटल्या काळ्या प्लास्टिकच्याही होऊ लागल्या. तेव्हा पहिल्या महायुद्धातील म्हणून दाखवलेली बाटली प्लास्टिकची निघाली, तर वाद तेथेच संपतो. टोपणाचे आटेही बोलतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक व अमेरिकी आट्याचा ६० अंशांचा. कोणत्याही जुन्या लेथकाम करणाऱ्याकडे आटे मोजण्याची दातेरी पट्टी असते. ती लावून पाहिली तर पुष्कळ उलगडा होतो. मात्र ब्रिटिश कारखान्यांत व्हिटवर्थखेरीज आणखीही आटे वापरात होते, त्यामुळे केवळ आट्यावरून निकाल देऊ नये.

वस्तू कोठे बसत असे, हाही एक प्रश्न असतो. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीची निकेल-मुलाम्याची नळकांडी दुहेरी असते : एका बाजूस तेल, दुसऱ्या बाजूस दोरी व कुंचला. त्याच देशाच्या एम १ कार्बाइनची तेलाची कांडी दस्त्यातील खाचेत आडवी बसते आणि खांद्याचा पट्टाही तीच अडकवून धरते. कलाश्निकोव्हच्या दस्त्यातील डबी तर साधनेही सांभाळते आणि साफसफाईच्या वेळी गजाची मूठही होते. तिचे टोपण नळीच्या तोंडाशी बसवून गज सरळ ठेवला जातो. वस्तूचा आकार असा तिच्या जागेवरून आणि कामावरून ठरलेला असतो. ज्याला जागा सापडली, त्याला बहुधा देशही सापडतो.

लिपीच्या अज्ञानातून होणारी एक चूक येथे नमूद केली पाहिजे. रशियाच्या मोसिन-नागान रायफलीबरोबर दोन तोंडांची, दोन कप्प्यांची पत्र्याची तेलदाणी येई. एका कप्प्यात मीठ धुऊन काढणारे अल्कली द्रावण आणि दुसऱ्यात तेल. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून त्यांवर एकेक रशियन अक्षर उमटवलेले असे. अल्कलीच्या बाजूचे अक्षर तीन उभ्या दांड्या, खाली आडवी रेघ आणि उजवीकडे लहानशी शेपटी असे असते. तेलाच्या बाजूचे अक्षर रशियन ‘न’ होय. त्याचा आकार थेट रोमन ‘एच’सारखा. त्यामुळे ते इंग्रजी अक्षर समजून भलत्याच कारखान्याचा शोध सुरू होतो. वस्तुतः ती कारखान्याची खूण नव्हेच; ती सैनिकाला दिलेली सूचना आहे. सोव्हिएत कारखान्यांच्या खुणा निराळ्या : त्रिकोणात बाण असेल तर इझेव्हस्क, तारा असेल तर तुला.

येथवर एकेका वस्तूचा विचार झाला. खरा गोंधळ होतो तो संचांच्या बाबतीत. महायुद्धानंतर सैन्याच्या कोठारांतून अमाप माल बाहेर पडला. १९५३ मध्ये सॅम्युअल कमिंग्ज याने स्थापन केलेल्या अमेरिकी कंपनीने तर देशोदेशीच्या जुन्या शस्त्रांचा व्यापार जागतिक प्रमाणावर नेला. आपल्याकडेही ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दच त्या काळात बाजारात रूढ झाला. व्यापारी वजनावर माल घेतो. बाटल्या एका पोत्यात, दोऱ्या दुसऱ्या पोत्यात. पुढे गिऱ्हाईक पूर्ण संच मागते, तेव्हा हाताला लागेल ते एकत्र बांधले जाते. सैन्याच्या कार्यशाळांतही दुरुस्तीच्या वेळी सुटे भाग असेच मिसळत. म्हणून एका पिशवीत एकत्र मिळालेल्या वस्तू एकत्र वापरल्या गेल्या, असे गृहीत धरता येत नाही. कॅनडाची बाटली, ईशापूरची दोरी आणि नंतर शिवलेली पिशवी असा संच खोटा नसतो. परंतु तो एका सैनिकाचाही नसतो. शिवाय हल्ली संग्राहकांसाठी मुद्दाम नव्या केलेल्या नकलाही मिळतात. ज्या वस्तूचे शिक्के अतिशय ठळक आणि कडा कोवळ्या, पण पृष्ठभाग मात्र रसायनाने काळा केलेला, तिच्याकडे संशयाने पाहावे.

सनाचीही एक फसगत असते. वस्तूवरील सन तिच्या जन्माचा असतो, वापराचा नव्हे. .३०३ रायफल भारतीय सैन्यातून गेल्यावरही पोलीस दलांत अनेक दशके टिकून होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. तेव्हा १९४२ चा सन असलेली बाटली एखाद्या शिपायाने १९७२ मध्ये वापरलेली असू शकते. सन ही फक्त अलीकडची मर्यादा सांगतो : त्यापूर्वी ती वस्तू नव्हती, इतकेच.

यावरून नोंदीची एक शिस्त सुचते. चिठ्ठीवर चार गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात : वस्तू कोणत्या शस्त्राची, घडवली कोणी, मालकी कोणाची आणि येथे आली कशी. प्रत्येकीपुढे निश्चित, संभाव्य किंवा अज्ञात यांपैकी एक शब्द असावा. उदाहरणार्थ, एखाद्या पितळी बाटलीवर बाणाखाली ‘आय’ आहे, इतर अक्षरे झिजली आहेत आणि टोपणात कातड्याची चकती शिल्लक आहे. तिची नोंद अशी व्हावी : ‘.३०३ ली-एन्फील्ड रायफलीच्या दस्त्यातील तेलाची बाटली, निश्चित. मालकी हिंदुस्थान सरकारची, निश्चित. निर्माता अज्ञात. काळ साम्राज्यकाळ, संभाव्य.’ ‘अज्ञात’ लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाजाने भरलेली जागा पुढच्या अभ्यासकाची वाट बंद करते. मोकळी जागा ती उघडी ठेवते.

त्याचबरोबर एक पथ्य पाळावे. चिंच किंवा राखेने घासून पितळ लखलखीत करण्याचा मोह आवरावा. शतकभराचा झिजलेला शिक्का एका घासणीत कायमचा जातो. मऊ कोरड्या कापडाने धूळ काढावी आणि दिव्याचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल हळुवार फिरवली, तर शिक्क्याची प्रतिमाही उतरवता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथील वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या डिव्हिजनला शरण जावे लागले. कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी माणसे परतली नाहीत. समजा, एखाद्या घरात पणजोबांची कुतची आठवण म्हणून एक बाटली जपली आहे आणि तपासाअंती ती प्लास्टिकची निघाली. मग काय करावे? चिठ्ठीवर ‘कुत, १९१६’ लिहिले तर मान वस्तूला मिळेल, माणसाला नाही. कारण खोटा पुरावा उघडकीला आला की त्याच्याबरोबर खरी आठवणही संशयास्पद होते. पुढचा वाचक म्हणेल, बाटली खोटी, तसे पणजोबांचे जाणेही खोटे असेल. उलट त्या घरातील सांगणे स्वतंत्र कागदावर, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारखेसह उतरवून ठेवले आणि बाटलीची नोंद तिच्या खऱ्या काळात केली, तर दोन्ही सत्ये सुखरूप राहतात. पणजोबा कुतला होते, हे पलटणीच्या कागदांवरून सिद्ध करता येईल किंवा येणार नाही. पण त्यांच्या नावाचा भार एका चुकीच्या बाटलीवर टाकला जाणार नाही. कदाचित ती बाटली त्यांच्या मुलाची किंवा नातवाची असेल आणि तिच्या निमित्ताने त्या घरातील दुसऱ्याच एका शिपायाची कथा उजेडात येईल.

वस्तूला तिचे खरे मूळ गाव परत देणे म्हणजे कोणाच्या श्रद्धेवर घाव घालणे नव्हे. हिंदुस्थानात वापरलेली बाटली कॅनडात घडली असेल, ईशापूरची दोरी वाळवंटात गेली असेल आणि परत येताना तिचा जोडीदार बदलला असेल. हा प्रवास त्या सैनिकांच्या प्रवासासारखाच आहे. तो जसा घडला तसा लिहिणे, हेच त्यांचे खरे ऋण फेडणे होय.

शंभर वर्षे ज्या संस्थेने प्रत्येक पुस्तकाची दाखल-नोंद निष्ठेने केली, तिला ही शिस्त नवी नाही. सीमाभागातील घराघरांत अशा वस्तू अजून पेट्यांच्या तळाशी आहेत. त्या ग्रंथालयाच्या दाराशी आल्या, तर त्यांच्यासाठीही एक नोंदवही उघडावी. तिच्यात चार रकाने असावेत आणि त्यांपैकी एखादा रिकामा राहिला, तरी तो प्रामाणिकपणे रिकामाच ठेवावा. शताब्दीच्या निमित्ताने एवढीच सूचना श्रोत्यांच्या विचारार्थ सादर आहे.